वाट वाकडी करून : फ्रान्समधील खाद्ययात्रांचा इतिहास

माणसाने घराबाहेर का पडावे, याची जी कारणे आपल्याकडे परंपरेने मान्य झालेली आहेत, त्यांत तीर्थयात्रा आहे, व्यापार आहे, विद्या आहे, मोहीम आहे आणि सोयरीकही आहे. केवळ जेवण्यासाठी परमुलखात जाणे मात्र त्या यादीत बसत नाही. जेवायला म्हणून लांबवर गेलेला माणूस आपल्या दृष्टीने एक तर वऱ्हाडी असतो, नाही तर हावरट ठरतो. असे असूनही आज जगात अशा प्रवाशांचा एक मोठा वर्ग निर्माण झाला आहे, की जो आधी एखाद्या भोजनगृहातील जागा कित्येक महिने अगोदर राखून ठेवतो आणि मग त्या तारखेच्या मागेपुढे विमान, मुक्काम आणि द्राक्षमळ्यांच्या भेटी बसवतो. देऊळ, किल्ला, चित्रसंग्रहालय ही त्याच्या दृष्टीने दोन जेवणांमधली विश्रांतीची ठिकाणे होत.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत असे म्हणून विषय मिटवणे सोपे आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तसे करून चालत नाही. चोचलेसुद्धा कोठून तरी उगवतात, कोणाच्या तरी गरजेवर वाढतात आणि कोणाच्या तरी श्रमांवर जगतात. ही चाल मुख्यतः फ्रान्समध्ये रुजली आणि तेथून जगभर गेली. तिचा माग काढू लागलो म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. तिला आकार देणाऱ्यांत राजेरजवाडे फारसे नाहीत. त्यांत टायर विकणारे कारखानदार आहेत, माल न खपल्याने हवालदिल झालेले द्राक्षमळेवाले आहेत आणि गुरे राखता राखता मोठी झालेली एक बाई आहे. या मंडळींची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभ एका परक्या पाहुण्यापासून करू. 1787 साली टॉमस जेफर्सन हा अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसच्या दरबारी होता. तो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. त्याचे मनगट दुखावले होते, आणि दक्षिण फ्रान्समधील एक्स येथील औषधी झऱ्यांचा उपचार करून घ्यावा, या निमित्ताने तो प्रवासास निघाला. निमित्त मनगटाचे; पण वाटेत त्याने बर्गंडी प्रांतातील मळे बारकाईने पाहिले आणि परतताना बोर्दोचीही वाट धरली. कोणत्या गावची वाइन कोणत्या भावाने जाते, पीप केवढे, जमीन कशी, हे सारे तो टिपून ठेवीत गेला. नामांकित वाइनच्या मुळाशी जाऊन तिचा गाव पाहणाऱ्या आधुनिक प्रवाशाचा हा एक पूर्वजच म्हटला पाहिजे.

परंतु त्याच्या टिपणांतील आम्हांस सर्वांत मोलाची वाटणारी नोंद वाइनची नाही, ती भाकरीची आहे. पोमार आणि व्होल्ने या गावांतील मळेकरी चांगल्या गव्हाचा पाव खाताना त्याला दिसले. लगतच्या मर्सो गावातील मळेकरी मात्र राय नावाच्या हलक्या धान्याचा पाव खात होते. त्याने कारण विचारले. उत्तर मिळाले ते असे, की मर्सोची पांढरी वाइन तांबडीपेक्षा अधिक वेळा बिघडते आणि पडून राहते. तेव्हा तेथील मालकाला मजुरांना तितके चांगले खाऊ घालणे परवडत नाही. दोन गावांत अंतर थोडे, पण एकीकडे गहू आणि दुसरीकडे राय! पेल्यातील वाइनची पारख करणारे पुष्कळ असतात. ती पिकवणाऱ्याच्या ताटात काय आहे ते पाहणारा विरळा. ही नोंद आपण मनाशी धरून ठेवू, कारण पुढच्या दोन शतकांचा इतिहास मोजावयास हे माप उपयोगी पडणार आहे.

जेफर्सनच्या काळी उत्तम भोजनाची भोजनगृहे पॅरिसमध्ये नुकतीच उघडू लागली होती. राज्यक्रांतीत सरदारांची घरे बुडाली, त्यांचे आचारी बेकार झाले, आणि त्यांतल्या कित्येकांनी शहरात स्वतःची दुकाने मांडली. पूर्वी जे पक्वान्न वाड्याच्या आत शिजे, ते आता पैसे टाकणाऱ्या कोणालाही मिळू लागले. 1803 पासून ग्रिमो द ला रेनिएर याने खवय्यांसाठी आपले पंचांगवजा वार्षिक काढावयास आरंभ केला. चांगले कोठे मिळते हे छापून सांगणारे लिखाण तेथून सुरू झाले. 1809 मध्ये कादे द गासिकूर याच्या ग्रंथासोबत फ्रान्सचा एक नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात गावांच्या जागी कोठे कोंबडी, कोठे बाटली, कोठे मासा, अशी चित्रे होती. प्रत्येक गावाची ओळख त्याच्या खाण्यावरून! मात्र हा नकाशा हाती घेऊन कोणी गावोगाव हिंडत नव्हते. गावचा माल पॅरिसला यावा आणि पॅरिसकरांनी तो बसल्या जागी खावा, असाच तो काळ होता.

आगगाडीने हा ओघ अधिकच वाढवला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिस, लिआँ आणि मार्सेय लोहमार्गाने जोडली गेली. माल झपाट्याने राजधानीस येऊ लागला. पण हमरस्त्यावरील उतारशाळांवर मात्र अवकळा आली. पूर्वी टपालगाडीचे घोडे बदलावयाचे म्हणून प्रवासी जेथे उतरत, जेवत, रात्र काढत, ती गावे आता आगगाडीच्या खिडकीतूनसुद्धा दिसेनात. बर्गंडीतील सोल्यो हे असेच एक गाव. पॅरिसहून दक्षिणेकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर ते सुमारे अडीचशे किलोमीटरांवर आहे. मुख्य लोहमार्ग डिजाँवरून गेला आणि सोल्यो बाजूला राहिले. या गावाचे नाव लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

उतारशाळांचे हे मेलेले नशीब मोटारीने पुन्हा जिवंत केले, आणि त्याचे श्रेय एका रबराच्या कारखान्याकडे जाते. क्लेर्माँ-फेराँ येथील आंद्रे आणि एदुआर मिशेलिन हे दोघे भाऊ टायर बनवीत. 1900 साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले, त्या सुमारास त्यांनी मोटारवाल्यांसाठी एक छोटे पुस्तक काढून फुकट वाटले. त्या वेळी साऱ्या फ्रान्समध्ये मोटारी तीन हजारांहूनही कमी होत्या, आणि पुस्तकाच्या प्रती छापल्या सुमारे पस्तीस हजार! हिशेब उघड होता. लोक मोटारीने हिंडतील तर टायर झिजतील, आणि टायर झिजतील तर नवे घ्यावे लागतील. पुस्तकात टायर कसा बदलावा, मिस्त्री कोठे मिळेल, पेट्रोल कोठे मिळेल, मुक्काम कोठे करावा, एवढेच होते. स्वयंपाकाच्या गुणदोषांशी त्याचा अजून संबंध नव्हता.

1920 पासून या पुस्तकाला किंमत लावण्यात आली. 1926 मध्ये उत्तम जेवण देणाऱ्या ठिकाणांपुढे एक तारा छापण्यास आरंभ झाला. 1931 मध्ये दोन आणि तीन तारे आले. आणि 1936 मध्ये या ताऱ्यांचा अर्थ स्पष्ट करून सांगण्यात आला. हा अर्थ मोठा मार्मिक आहे. एक तारा म्हणजे आपल्या वर्गातील फार चांगले भोजनगृह. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जाण्याजोगे. आणि तीन तारे म्हणजे खास तेवढ्यासाठीच प्रवास करण्याजोगे. ध्यानात घ्या, वरच्या दोन पायऱ्यांचे माप चव हे नसून अंतर हे आहे. पदार्थ किती चांगला, तर त्यासाठी किती रस्ता तुडवावा इतका. टायरवाल्याखेरीज हे माप दुसऱ्या कोणास सुचले असते? व्यापाऱ्याच्या स्वार्थातून निघालेल्या या मापाने खाद्ययात्रेला तिचे व्याकरण दिले.

या व्याकरणाला चालना देणारा दुसरा एक गृहस्थ होता. मोरिस एदमाँ साय्यां हे त्याचे खरे नाव; पण तो क्युर्नोन्स्की या टोपणनावानेच ओळखला जाई. 1921 पासून त्याने मार्सेल रूफ या मित्राच्या साहाय्याने प्रांतोप्रांतीच्या स्वयंपाकाचे वर्णन करणारी पुस्तकमालिका चालवली आणि तिचे अठ्ठावीस भाग झाले. 1927 मध्ये त्याला खवय्यांचा राजपुत्र म्हणून निवडण्यात आले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की फ्रान्सचे खरे जेवण पॅरिसच्या झगमगाटात नाही, ते खेड्यातील चुलीवर आहे. प्रांतांविषयीचा हा अभिमान आणि मिशेलिनचा रस्ता, या दोहोंची गाठ पडली आणि पॅरिसकर मोटारीत बसून खेड्यांकडे निघाले.

त्यांच्या वाटेवर तीन घरे विशेष गाजली. सोल्योच्या जुन्या उतारशाळेत अलेक्झांद्र द्यूमेन, लिआँच्या दक्षिणेस व्ह्येन गावी फर्नां प्वाँ, आणि आणखी खाली व्हालाँस येथे आंद्रे पिक. नकाशा पाहिला म्हणजे उलगडा होतो. पॅरिसहून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाहतुकीच्या वाटेवरच ही तिन्ही गावे ओळीने वसलेली आहेत. थंडी टाळावयास निघालेला श्रीमंत प्रवासी येथे थांबू लागला, आणि मग हळूहळू उलटे झाले. किनाऱ्याला जाताना सोल्योस जेवावयाचे, हे मागे पडून सोल्योस जेवता यावे म्हणून किनाऱ्याला जावयाचे, असे होऊ लागले!

परंतु या साऱ्यांत आमच्या मते अग्रमान द्यावयाचा तो युजेनी ब्राझिए या बाईला. तिचा जन्म 1895 चा, ब्रेस नावाच्या कोंबड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुलखाजवळचा. आई लहानपणीच वारली, आणि मुलगी दुसऱ्याच्या शेतावर गुरे राखावयास राहिली. विसाव्या वर्षाच्या आत ती अविवाहित माता झाली. त्या काळच्या खेड्यात याचा अर्थ काय, हे सांगावयास नको. ती लिआँला आली, मोलकरीण झाली, एका नामांकित बाईच्या खानावळीत हाताखाली राबली, आणि 1921 मध्ये तिने स्वतःचे छोटे भोजनगृह काढले. लिआँमध्ये अशा स्वयंपाकीणबायांची एक परंपराच होती. श्रीमंतांच्या घरच्या नोकऱ्या सुटल्यावर त्यांनी आपल्या खानावळी घातल्या, आणि लोक त्यांना ‘आई’ म्हणत. ब्राझिएने दुसरे भोजनगृह शहराबाहेरच्या डोंगरखिंडीत काढले. 1933 मध्ये तिच्या दोन्ही ठिकाणांना तीन तीन तारे मिळाले. असे सहा तारे एका वेळी मिळवणारी ती पहिलीच व्यक्ती होय. पुढे जगप्रसिद्ध झालेला पॉल बोक्यूज युद्धानंतर तिच्याच हाताखाली शिकला. ज्या मुलीला लहानपणी परक्याचे तुकडे मोडावे लागले, तिच्या चुलीसाठी मोठमोठे लोक डोंगर चढून येऊ लागले. जेफर्सनच्या त्या भाकरीच्या मापाने मोजले, तर खाद्ययात्रेची ही सर्वांत उजळ बाजू आहे.

आता वाइनकडे वळू. बोर्दोच्या वाइनची प्रतवारी 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तेथील दलालांनी लावून दिली. तिचा पाया होता बाजारातील भाव, आणि ती इतकी पक्की बसली, की पहिल्या प्रतीत नवे नाव चढण्यास 1973 साल उजाडावे लागले. भाव ठरले, पण मळेवाल्याचे दैव ठरले नाही. त्यानंतरच्या दशकांत फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधील बहुतेक वेली मुळापासून खाल्ल्या. शेवटी अमेरिकन खुंटांवर कलमे करून मळे नव्याने उभारावे लागले. मग भेसळ आली, खोट्या नावांची वाइन आली. 1911 मध्ये शांपेन प्रांतात याच कारणावरून दंगली झाल्या. गावाचे नाव ही त्या गावाची मालमत्ता आहे, वाटेल त्याने ते बाटलीवर छापता कामा नये, हे तत्त्व अनेक वर्षांच्या झगड्यानंतर 1935 च्या कायद्याने पक्के झाले. खाद्ययात्रा त्या तत्त्वाशिवाय शक्यच नव्हती, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. नावच खोटे असेल तर गावाला जाऊन पाहावयाचे काय?

कायदा झाला तरी गिऱ्हाईक कोठे होते? जागतिक मंदीचे ते दिवस. बर्गंडीच्या तळघरांत पिंपे पडून राहिली होती. तेव्हा 1934 मध्ये न्युई-सँ-जॉर्ज या गावच्या काही मंडळींनी एक युक्ती काढली. आपली वाइन कोणी घेत नाही, तर लोकांना बोलावून आपल्याबरोबर पाजू! त्यांनी एक मंडळ स्थापले, जुन्या थाटाचे तांबडे-सोनेरी झगे शिवले, दीक्षाविधी ठरवले, आणि पत्रकार, वकील, कलावंत, मुत्सद्दी यांना मेजवान्यांचे आमंत्रण धाडले. पुढे 1944 मध्ये क्लो द व्हूजो येथील वाडा या मंडळाने घेतला. त्याभोवतीचा मळा बाराव्या शतकापासून मठवासी साधूंचा होता. आज तेथील समारंभ पाहणाऱ्यास वाटते, की ही चाल मध्ययुगातील असावी. वस्तुतः ती मंदीच्या काळातील विक्रीकला आहे. पण म्हणून तिला ढोंग म्हणता येणार नाही. पडून राहिलेला माल म्हणजे मजुराच्या ताटात राय, हे जेफर्सनला दीडशे वर्षांपूर्वी मर्सोत सांगण्यात आले होतेच. तेव्हा या झगमगाटाच्या पोटी कित्येकांची भाकरी होती.

मात्र प्रत्येक कीर्तीची एक दुसरी बाजू असते, आणि ती पाहण्यासाठी आपणांस पुन्हा सोल्योला जावे लागते. द्यूमेन निवृत्त झाला. 1970 पर्यंत पॅरिस ते लिआँ हा नवा द्रुतगती महामार्ग पुरा झाला आणि त्याने सोल्योला पुन्हा बाजूस टाकले. एकदा लोहमार्गाने दिलेला धक्का दुसऱ्यांदा मोटाररस्त्याने दिला. आता तेथे सहज वाटेत थांबणारे कोणी उरले नाही; जो येईल तो मुद्दाम येईल. अशा स्थितीत 1975 मध्ये बेर्नार ल्वाझो हा तरुण आचारी तेथे आला. सोळा वर्षे खपून त्याने 1991 मध्ये तिसरा तारा मिळवला, आणि गावात पुन्हा देशोदेशीचे लोक येऊ लागले. पण त्यासाठी त्याने कर्ज काढून इमारत वाढवली होती, आणि 1998 मध्ये आपल्या धंद्याचे भाग बाजारात विकावयास काढले होते. तीन ताऱ्यांवर उभा असलेला असा पसारा एक तारा निखळला तर कोसळणार, ही भीती मग रोजचीच झाली. 2003 च्या आरंभी दुसऱ्या एका मार्गदर्शक पुस्तकाने त्याचे गुण कमी केले, आणि मिशेलिनचा तारा जाणार अशीही कुजबूज झाली. तो तारा त्या वर्षी गेला नव्हता. परंतु फेब्रुवारीत ल्वाझोने आपले जीवन संपवले. माणूस असे का करतो याला एकच एक कारण देणे अन्यायाचे होईल. मात्र त्या मृत्यूने फ्रान्समधील आचारीवर्ग हादरला आणि दूरच्या पाहुण्यावर सर्वस्वी विसंबणे किती जोखमीचे आहे, याची चर्चा उघडपणे होऊ लागली. 2017 मध्ये लाग्योल गावच्या सेबास्तियाँ ब्रा या आचाऱ्याने तर आपले तीन तारे परत घ्या, मला मोकळेपणाने रांधू द्या, अशी जाहीर विनंती केली.

इकडे यात्रेचे क्षेत्र फ्रान्सच्या बाहेर पसरले होते. 1976 मध्ये पॅरिसलाच झालेल्या एका चाखणीत, बाटल्यांवरची नावे झाकलेली असताना, फ्रेंच परीक्षकांनी कॅलिफोर्नियाच्या वाइनना पहिला क्रमांक दिला, आणि नापा खोऱ्याकडे प्रवाशांची रीघ वाढली. स्पेनमधील रोसेस गावाजवळच्या एल बुली या भोजनगृहात एका हंगामात सुमारे आठ हजार लोक जेवत, आणि जागा मागणारे लाखो असत. ते 2011 मध्ये बंद झाले. मिशेलिनचे पुस्तक 2005 मध्ये न्यूयॉर्कला आणि 2007 मध्ये टोकियोला पोहोचले. थायलंडच्या पर्यटन खात्याने तर आपल्या देशासाठी हे पुस्तक निघावे म्हणून 2017 पासूनच्या पाच वर्षांसाठी 14 कोटी 40 लाख बाट मोजले. ज्या पुस्तकाने टायर विकले, ते आता देश विकू लागले.

आणि जेथे मागणी अफाट, तेथे भामटे आलेच. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात बर्गंडीच्या क्लो सँ-दनी मळ्याच्या जुन्या बाटल्या निघाल्या. त्यांवर पोंसो या घराण्याचे नाव आणि 1945 सारखी वर्षे होती. त्या घराण्याने ती वाइन 1982 पूर्वी कधी केलीच नव्हती! घरचा कर्ता लोराँ पोंसो स्वतः समुद्र ओलांडून लिलावाच्या जागी हजर झाला आणि त्या बाटल्या मागे घेतल्या गेल्या. त्या बाटल्या पुरवणाऱ्यास 2013 मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले. आजवर गिऱ्हाईक वाट वाकडी करून मळेवाल्याकडे जात असे. येथे आपल्या गावच्या नावाची अब्रू राखण्यासाठी मळेवाल्याला गिऱ्हाईकाकडे जावे लागले.

या सर्वांतून आम्ही काय घ्यावे? हा विषय आपल्याला अगदी परका आहे असे नाही. 2001 मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले, आणि त्यानंतर नाशिकच्या परिसरात मळे पाहावयास, वाइन चाखावयास लोक मुक्कामाने येऊ लागले. वाइन सोडून द्या. मालवणच्या मासळीसाठी, कोल्हापूरच्या रश्श्यासाठी वाट वाकडी करणारे आपल्यांतही पुष्कळ आहेत. त्यात लाजण्यासारखे काही नाही. जेथले अन्न तेथे जाऊन, पिकवणाऱ्याच्या दारात बसून खावे, यात त्या मातीचा मानच आहे.

परंतु मान कोणाचा आणि लाभ कोणाचा, हे विचारीत गेले पाहिजे. फ्रान्सच्या इतिहासाचे तात्पर्य आम्हांस असे दिसते, की पाहुण्याने वाट वाकडी केल्याने गाव जगते, पण केवळ पाहुण्याच्या जिवावर जगू पाहणारे गाव आणि त्यातला माणूस फार नाजूक फांदीवर बसलेला असतो. ब्राझिएच्या दारी जे आले, त्यांच्यामुळे एका निराधार बाईला मान मिळाला. सोल्योत जे येत, त्यांच्या न येण्याची भीती एका कर्तबगार माणसाला पोखरीत गेली. चाल तीच, तारे तेच. तेव्हा यापुढे कोणी एखाद्या दूरच्या मेजाची कीर्ती सांगू लागला, तर आपण त्याची चेष्टा करू नये आणि हेवाही करू नये. तेथे काय वाढले हे ऐकून घ्यावे, आणि मग जेफर्सनने विचारला तो एक प्रश्न हळूच विचारावा : त्या गावच्या मळ्यात राबणारे गहू खातात की राय?